दुसरी चिप

गाडी पहिल्याच चावीला सुरू झाली, तिथेच मला शंका यायला हवी होती.

साडेतीन वर्षं शेडमध्ये उभी असलेली गाडी. बॅटरी मेलेली असणार, टायर बसलेले असणार, टाकीतलं पेट्रोल खराब झालेलं असणार, असं धरून मी पुण्याहून जंपर केबल, हवा भरायचा पंप आणि एक रिकामा कॅन घेऊन आले होते. ताडपत्री ओढली तर खाली गाडी लख्ख. टायरमध्ये हवा. चावी फिरवली आणि इंजिन असं चटकन सुरू झालं, जसं काही कालच बंद केलं होतं.

"आई, लागली गं!" मी तिथूनच ओरडले.

आई स्वयंपाकघराच्या खिडकीत भाजी निवडत उभी होती. "लागायचीच," ती म्हणाली. "चांगली गाडी आहे ती."

मी इंजिन बंद केलं. बॉनेट उघडून तेल पाहिलं, पुन्हा बसले, चावी फिरवली. स्टार्टर फिरला, पण इंजिन काही पकडेना. समोर डायलजवळ चावीच्या आकाराचा लाल दिवा लुकलुकायला लागला. पुन्हा फिरवली. लुकलुक. पाचव्या वेळी एकदम सुरू. सहाव्या वेळी पुन्हा बंद.

ही गोष्ट पंधरा वर्षांपूर्वीची, नगरची. मी, करुणा भिंगारदिवे, तेव्हा चौतीस वर्षांची होते आणि पुण्याला एका तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होते. पप्पांना जाऊन चौदा महिने झाले होते. पप्पा म्हणजे शांतवन भिंगारदिवे, एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्सचे फोरमन. आमच्यासारख्यांच्या घरी स्पोर्ट्स कार कुठून आली, असं कुणीही विचारायचं. पुण्याच्या एका श्रीमंत घरातल्या पोरानं ती झाडावर घातली होती. जपानी, गडद हिरवी, दोन दारांची, जमिनीला टेकल्यासारखी बुटकी. भंगारवाल्याच्या आवारात ती पडलेली पप्पांनी पाहिली आणि टेम्पोत घालून घरी आणली. तीन वर्षं सुट्टीच्या दिवशी ते तिच्याखाली झोपलेले असायचे. त्यांच्या हातून ती पुन्हा रस्त्यावर आली तेव्हा अख्खी गल्ली बघायला जमली होती.

मी ती विकायला आले होते. पुण्यातल्या जुन्या गाड्या जमवणाऱ्या एका गृहस्थांशी बोलणं झालं होतं. त्या वर्षी दसरा रविवारी होता आणि त्यांना मुहूर्तावर गाडी घरी न्यायची होती. माझ्या हातात शुक्रवार आणि शनिवार होता. पाचातून एकदा सुरू होणारी गाडी कोण घेणार?

दुखणं काय असावं, ते मला दिव्यावरून कळलं होतं. त्या गाडीला इमोबिलायझर होता, म्हणजे चोरी होऊ नये म्हणून कारखान्यातूनच बसवलेली व्यवस्था. चावीच्या प्लॅस्टिकच्या मुठीत तांदळाएवढी चिप असते. चावी घातली की स्टिअरिंगजवळची तारेची रिंग त्या चिपला विचारते, तू कोण? चिपनं बरोबर उत्तर दिलं तरच इंजिन सुरू होतं. जुन्या गाड्यांत ही व्यवस्था म्हातारी होते, आपल्याच चावीला ओळखेनाशी होते. नवा भाग मिळायची सोय नव्हती. मग एकच उपाय. जादा चावीतली चिप काढायची आणि ती त्या रिंगजवळच कायमची चिकटवून टाकायची. म्हणजे गाडीला वाटतं, चावी सतत हजर आहे. हौशी लोक घरच्या घरी हे करतात. मला तर ते शिकवण्यातलंच काम होतं.

जादा चावी आमच्याकडे होती. गाडीबरोबरच आली होती, पातं तुटलेली. पप्पांच्या हत्यारांच्या कपाटात, वरच्या खणात, वॉशरच्या डबीत ती असायची. होतीही. मी ती पिळून उघडायला गेले तर मूठ आपसूक उघडली. कुणीतरी ती आधीच कापून पुन्हा सैलसर दोऱ्यानं बांधून ठेवली होती. आत चिपची जागा रिकामी.

मी ती घेऊन स्वयंपाकघरात गेले. "आई, ही चावी कुणी उघडली?"

आईनं चष्मा वर करून पाहिलं. ती मिशनच्या दवाखान्यात ऑपरेशन थिएटरची सिस्टर होती, तीस वर्षं. कुठलीही वस्तू ती आधी नीट बघते, मग बोलते. या वेळी तिनं पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

"मला काय कळतं त्यातलं? तुझे पप्पाच काहीतरी उद्योग करायचे."

"आणि बॅटरी? साडेतीन वर्षं टिकते होय बॅटरी?"

"ओहोळ येतात अधूनमधून. ते बघतात."

प्रभाकर ओहोळ आमचे शेजारी, पप्पांबरोबर कारखान्यात पेंटिंगला होते. गाडीचा हिरवा रंग त्यांच्याच हातचा. ते अधूनमधून बॅटरी चार्ज करतात, हे पटण्यासारखं होतं. मी परत शेडमध्ये गेले आणि स्टिअरिंगखालचं प्लॅस्टिकचं कव्हर उघडलं.

रिंगला लागून, कापसाच्या पातळ घडीत, पांढऱ्या चिकटपट्टीनं नीट बांधलेली एक चिप होती.

मी किती वेळ टॉर्च धरून त्या पट्टीकडे बघत बसले, मला सांगता येणार नाही. जे काम करायला मी आले होते, ते आधीच कुणीतरी करून ठेवलं होतं. गाडी अडत होती ती त्याच्याचमुळे. माझ्या चावीत एक चिप, रिंगजवळ दुसरी. दोन्ही एकदम बोलत होत्या आणि गाडीला धड कुणाचंच कळत नव्हतं. कधी योगायोगानं एकीचं ऐकू आलं की सुरू व्हायची.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी मी सहसा कुणाला सांगत नाही. ती चांगली चावी साडेतीन वर्षं माझ्याकडे पुण्यात होती. साखरेमुळे पप्पांची नजर जात चालली होती. डॉक्टरांनी गाडी बंद सांगितली होती, तरी ते ऐकत नव्हते. एका सकाळी भिंगार नाक्याजवळ त्यांनी दूधवाल्याची सायकल उडवली. माणूस बचावला, दूध सांडलं, तेवढ्यावर निभावलं. मला दुसऱ्या दिवशी कळलं. मी आले, आणि ते दुपारी झोपलेले असताना त्यांच्या शर्टाच्या खिशातून चावी काढून घेतली. न विचारता, न सांगता. संध्याकाळच्या एसटीनं परत गेले. त्यानंतर दर आठवड्याला आमचं फोनवर बोलणं व्हायचं, पण गाडीचा विषय त्यांनी मरेपर्यंत काढला नाही. मला वाटायचं, त्यांना पटलं. कधी वाटायचं, त्यांनी मला माफ केलेलं नाही.

म्हणून ती चिप बघताना माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की पप्पांनी मला फसवलं. मी चावी नेल्यावर त्यांनी तुटक्या चावीतली चिप काढून इथे बसवली आणि साधी चावी करून घेतली. त्या डोळ्यांनी ते गाडी चालवत होते! मला रागानं काही सुचेना.

मग मी पट्टीला बोट लावलं. ती मऊ होती, पांढरी होती, कडेला धूळसुद्धा नव्हती. चौदा महिन्यांपूर्वीची तर ती नव्हतीच. फार तर महिन्याभरापूर्वीची.

शेडच्या भिंतीवर पप्पा तेलखडूनं लिहून ठेवायचे, ऑइल कधी बदललं, तेव्हा किती किलोमीटर झाले होते. त्यांच्या हातची शेवटची ओळ मी चावी नेली त्याच्या महिनाभर आधीची होती. अठ्ठावन्न हजार चारशे दहा. मी वाकून डायल पाहिला. सदुसष्ट हजार एकशे ब्याण्णव.

जवळजवळ नऊ हजार किलोमीटर! शेडमध्ये उभ्या असलेल्या गाडीनं.

मी चिप सोडवली, एका रिकाम्या काडेपेटीत ठेवली आणि माझ्या चावीनं गाडी सुरू केली. दहा वेळा बंद केली, दहाही वेळा सुरू झाली. विकण्यापुरतं माझं काम संपलं होतं. डोक्यातला गोंधळ मात्र वाढतच चालला होता. पप्पांना दिसत नव्हतं. आई आयुष्यात सायकलवर बसलेली नव्हती, रिक्षातसुद्धा दांडी धरून बसायची. उरले ओहोळकाका.

ते अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मी सरळच विचारलं. "काका, पप्पांची गाडी तुम्ही चालवता का?"

"मी?" ते हसले. "माझं पोट मावत नाही त्या सीटमध्ये. तुझ्या बापानं एकदा बसवलं, तर काढताना दोघं लागले."

"मग कोण चालवतं? नऊ हजार किलोमीटर झालेत."

त्यांचं हसू गेलं. त्यांनी खुर्चीचा हात चाचपला, रस्त्याकडे पाहिलं. "विकायचं पक्कं झालं का तुझं?"

"परवा येतायत घ्यायला."

"आईला विचारलंस?"

"आईला काय करायचीय गाडी? ती नाही म्हणाली नाही."

"हां. नाही म्हणाली नसंल." मग ते म्हणाले, "हे बघ करुणा, मला काही विचारू नको. मी शब्द दिलाय."

"कुणाला?"

"जो गेला त्याला. अन् जी हाय तिलाबी. आता जा, चहा कर जा आईला."

मी घरी आले ती आणखीच गोंधळून. आई मेथीच्या भाकरी थापत होती. जेवताना मी तिच्याकडे बघत होते. एकसष्ट वर्षांची बाई, पांढरी साडी, करकचून बांधलेला अंबाडा, आठवड्यातून दोनदा उपासना मंदिर आणि एकदा भाजीबाजार. मी म्हणाले, "आई, गाडी कुणी चालवतं का?"

"कोण चालवणार?" ती म्हणाली. आणि भाकरी माझ्या ताटात वाढता वाढता, "उद्या तू कागदांसाठी त्या आरटीओच्या एजंटकडे किती वाजता जाणारेस?"

"दुपारी दोनला. का?"

"काही नाही. जेवून जा."

मला त्या रात्री झोप लागली नाही असं मी म्हणणार नाही. लागली. पण सकाळी उठले तेव्हा आदल्या दिवशी जे समजलं होतं त्यातलं काहीच नीट जुळत नव्हतं. कुणीतरी बाहेरचा माणूस आईला धाक घालून गाडी नेत असेल, इथपर्यंत माझी मजल गेली. वेगवेगळ्या वेळी तिनं सांगितलेल्या बारीकसारीक गोष्टी मी आठवायला लागले. फोन उचलत नसे, तेव्हा कुठे असायची? दुपारी झोपते म्हणायची. खरंच झोपायची?

दोन वाजता मी एजंटकडे जायला निघाले. कापडबाजारापर्यंत पोचले आणि लक्षात आलं, गाडीचं आरसी बुक टेबलावरच राहिलं. रिक्षा वळवून परत आले. गल्ली झोपलेली होती. रिक्षा तोंडाशीच सोडून मी चालत आले, तर आमच्या शेडमधून आवाज येत होता. स्टार्टर फिरतोय. थांबतोय. पुन्हा फिरतोय. इंजिन पकडत नाही.

शेडचं दार अर्धं उघडं होतं. मी दाराजवळची कुदळ उचलली. "कोण आहे रे?" मी ओरडले आणि आत शिरले.

चालकाच्या जागी आई बसली होती.

सीट पार पुढे ओढलेली. साडीचा पदर कमरेला घट्ट खोचलेला. पायांत कॅनव्हासचे बूट. चष्म्यावर काळ्या काचांची दुसरी जोडी अडकवलेली, डोळ्यांचे डॉक्टर देतात तसली. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. ती त्या लुकलुकणाऱ्या लाल दिव्याकडे बघत होती.

"करुणा," ती म्हणाली, "काय काढलंस तू?"

"आई, खाली उतर."

"आधी काय काढलंस ते सांग."

"आई, तू... तुला गाडी..." हातात अजून कुदळ होती. "कधीपासून?"

"तू चावी नेलीस तेव्हापासून." तिनं काळ्या काचा वर केल्या. "कुदळ ठेव ती. पायावर पडेल."

मी कुदळ ठेवली. शेजारचं दार उघडून आत बसले. तिच्या हातातली चावी पाहिली. साधी, पितळी रंगाची, कुलपाला असते तशी.

"बाजारातून करून आणलेली," ती म्हणाली. "चिप तर आतच होती. काल होती. आज नाही म्हणजे तूच काढलीस."

"चिप पप्पांनी बसवली?"

"त्यांना दिसत होतं का? मी बसवली." ती हे ज्या सुरात म्हणाली, तो सूर मी आधी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "ते शेजारी बसून सांगत होते, आता इथे काप, आता हळू. ब्लेडनं मूठ कापली, चिमट्यानं चिप काढली. तीस वर्षं डॉक्टरांच्या हातात चिमटे दिले, एकदा आपण धरला. जागा त्यांनी बोटांनी शोधली. म्हणाले, इथे, हिच्या उशाशी. चिकटपट्टी सुटते गं, चार-सहा महिन्यांनी नवीन लावावी लागते. मागच्याच महिन्यात लावली."

"पण तुला चालवायला कुणी शिकवलं?"

"कोण शिकवणार? त्यांनीच."

"त्यांना दिसत नव्हतं, आई!"

"ऐकू येत होतं ना." तिनं स्टिअरिंगवरून हात फिरवला. "तू गेलीस त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. मला वाटलं, आता म्हणतील, पुण्याला जा, पोरीकडून चावी आण. सकाळी म्हणाले, एस्तेर, आपल्या लग्नाला पस्तीस वर्षं झाली, तू माझं एकही ऐकलं नाहीस. आता एक ऐक. मी म्हटलं, काय? म्हणाले, तू शीक. मी खुळ्यात काढलं त्यांना. महिनाभर. मग एकदा गेलो बंद पडलेल्या कारखान्याच्या मैदानात. ओहोळांनी आणून सोडली गाडी."

"ते म्हणाले त्यांचं पोट मावत नाही."

"मावत नाहीच. दार उघडं ठेवून आणली." आई हसली. मग म्हणाली, "हे डोळे मिटून बसायचे. म्हणायचे, ऐक, ती ओरडतेय, बदल गिअर. आता कण्हतेय, खाली घे. आता बघ, आता गातेय, आता काही करू नकोस. मी समोर बघायची आणि ते ऐकायचे. दोघांत मिळून एक ड्रायव्हर."

"लायसन्स?"

"आहे की. ओहोळांच्या मारुतीवर टेस्ट दिली. पहिल्या वेळी नापास झाले, दुसऱ्या वेळी पास. फोटो बरा आलाय."

मी तिला विचारलं, मला का नाही सांगितलं. बाहेर कुणाच्या तरी रेडिओवर बातम्या लागल्या होत्या. तिनं मलाच विचारलं, "सांगितलं असतं तर काय केलं असतंस?"

मी खरं तेच बोलले. "थांबवलं असतं."

"मग?"

"आणि विकायचं म्हणाले तेव्हा? तेव्हा तरी बोलायचं होतंस."

"तू विचारलंस कुठे, करुणा? तू सांगितलंस." तिच्या आवाजात राग नव्हता. कुठल्या पेशंटला कुठली गोळी दिली, हे सांगावं तसं ती सांगत होती. "म्हटलं, रविवारी जातेय ना, आज एकदा जाऊन येऊ. तू दोनला जाणार होतीस."

मी घरात गेले आणि काडेपेटी घेऊन आले. स्टिअरिंगखाली वाकले. आईनं डॅशबोर्डच्या कप्प्यातून चिकटपट्टीचं रीळ आणि कापूस काढून दिला. माझ्या शिकवण्याच्या बाकावर मी असली शंभर कामं केली असतील, पण बोटं जागेवर येईनात.

"तिथे नाही," आई वरून म्हणाली. "जरा डावीकडे. हं. आणि वर. आता दाब." आणि मग, "तुझी चावी घरात ठेवून ये. जवळ असली की ही गडबडते."

म्हणजे तिला तेही माहीत होतं. मी चावी घरात ठेवून आले. आईनं आपली पितळी चावी फिरवली आणि गाडी लगेच सुरू झाली.

पुण्याच्या गृहस्थांना मी त्याच संध्याकाळी फोन करून नाही सांगितलं. ते रागावले, दसऱ्याचा मुहूर्त हुकला म्हणाले, ते खरंच होतं. आईनं ती गाडी पुढे पाच वर्षं चालवली. दर गुरुवारी पाथर्डी रस्त्यानं करंजीचा घाट आणि परत. एकदाही कुठे घासली नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा तिनं स्वतःच बंद केली आणि गाडी आता ओहोळकाकांच्या पुतण्याकडे आहे, तो तिला पप्पांइतकीच जपतो. हे सगळं नंतरचं. मी जे कायम घोळवत बसते ते त्या शनिवारच्या दुपारचं आहे.

आम्ही करंजीच्या घाटाकडे निघालो होतो. मी पप्पांच्या जागेवर बसले होते. माझ्या आईला मी ओळखत नव्हते, असं मला वाटत होतं. ती ट्रकच्या मागे दबा धरून थांबत होती, समोरचा रस्ता मोकळा दिसला की गिअर खाली घेत होती आणि गाडी एका दमात पुढे काढत होती. ओठ किंचित उघडे. उपासना मंदिरात भजनं म्हणतानाही तिचा चेहरा मी असा पाहिला नव्हता.

"तुला हे आवडतं?" मी विचारलं.

तिनं गिअर बदलला. "हो," ती म्हणाली. "खूप."

आयुष्यात तिनं कुठल्याच गोष्टीबद्दल असं सांगितलेलं मला आठवत नव्हतं. भाजी आवडते, साडी आवडते, काहीच नाही. सगळं तिला चालायचं.

मी चावी नेली ते बरोबरच होतं. त्या दूधवाल्याच्या जागी एखादं पोर असतं तर? हे मी तेव्हाही स्वतःला सांगितलं, आजही सांगते. पण मी ती नेली नसती तर आई शिकली नसती, हेही खरं. आणि मी ज्या तऱ्हेनं ती नेली, झोपलेल्या माणसाच्या खिशातून, त्यामुळेच त्यांना माझ्यापासून सगळं लपवावं लागलं, हेही खरं. या तीन गोष्टी मला अजून एकत्र नीट मांडता येत नाहीत.

घाटाच्या वर एका वळणावर आईनं गाडी बाजूला घेतली. खाली वस्त्या, शेतं, लांब पाण्याचा एक तुकडा. वारा इतका होता की दार उघडायला जोर लागला असता. आम्ही उतरलोच नाही.

"पप्पा शेवटचे कधी आले होते?" मी विचारलं.

"शुक्रवारी गेले ना. त्याच्या आधीचा बुधवार."

बुधवारी मी फोन केला होता. मला आठवत होतं, कारण तो पप्पा असताना आईच्या मोबाइलवर केलेला माझा शेवटचा फोन होता. आईनं उचलला होता. म्हणाली होती, पप्पा झोपलेत. मागे कसलातरी घोंघावणारा आवाज येत होता. मी विचारलं होतं, पंखा एवढा जोरात कशाला लावलायस, आणि ती हो म्हणाली होती.

"तेव्हा तुम्ही इथे होतात?"

"इथेच. ह्याच वळणावर." आईनं समोर बघतच सांगितलं. "तू जिथे बसलीयस तिथे ते होते. फोन वाजला, तुझं नाव सांगितलं, तर खूण केली, झोपलोय म्हण. आणि मग तू म्हणालीस ना, पप्पांना उन्हात जाऊ देऊ नकोस, त्यांना सोसणार नाही. तेव्हा त्यांना हसू आवरेना. तोंडावर रुमाल दाबून बसले होते. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. शर्टाची बटणं सगळी उघडी टाकलेली, ऊन छातीवर घेत होते."

एक एसटी वर चढून आली, वळणावर भोंगा वाजवून पुढे गेली.

मग मी माझ्या बाजूची काच पूर्ण खाली केली. वारा आत आला, आईच्या पदराचं टोक सुटून माझ्या तोंडावर आलं. मी ते बाजूला केलं नाही.

"पुढे काय आहे?" मी विचारलं.

"उतार," आई म्हणाली. "नीट बस."